घरची आठवण आणि सरकारी नोंद : खानदेशातील दीर्घायुषी शेतकऱ्याविषयी एक संवाद

खानदेशातील शेतकरी कुटुंबाचा इतिहास दोन ठिकाणी साठलेला असतो. पहिले ठिकाण तलाठ्याच्या दप्तराचे, जेथे जमीन, पीक, वारसा आणि जन्ममृत्यू यांच्या नोंदी ठरावीक रकान्यांत बसवलेल्या असतात. दुसरे ठिकाण घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या बोलण्याचे, जे तो गेल्यानंतर मुले, सुना, लेकी आणि नातवंडे यांच्यात विखुरले जाते. या दुसऱ्या साठ्याला अभ्यासक ‘कौटुंबिक स्मृती’ म्हणतात. एका माणसाची आठवण आणि कौटुंबिक स्मृती यांत भेद असा की, कौटुंबिक स्मृतीतील बराचसा भाग सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेला नसतो. तो ऐकलेला, पुन्हा सांगितलेला आणि प्रत्येक सांगण्यात थोडाफार बदललेला असतो. नव्वदी-शंभरीपर्यंत जगलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत या दोन साठ्यांतील विसंगती विशेष ठळक होते, कारण त्याचे बालपण नोंदणी विरळ असलेल्या काळात गेलेले असते आणि त्याच्या सांगण्याला होकार किंवा नकार देऊ शकेल असा समवयस्क साक्षीदार बहुधा उरलेला नसतो.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न दोन भूमिकांच्या संवादातून मांडला आहे. संशोधक हा धुळ्याच्या इतिहाससंशोधनाच्या परंपरेतला आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ही खंडमाला सिद्ध करून अस्सल कागदाला इतिहासात मानाचे स्थान मिळवून देणारे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (1863–1926) यांचे निधन धुळ्यात झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात आहे. शिक्षिका ही जळगावकडच्या शेतकरी घरातली असून, घरातील शंभरी गाठलेल्या वडीलधाऱ्याच्या आठवणी संकलित करण्याची तिची इच्छा आहे. ही दोन्ही पात्रे आणि तो वृद्ध शेतकरी प्रातिनिधिक व कल्पित आहेत. संवादात येणारे कायदे, ग्रंथ, संस्था आणि घटना मात्र प्रत्यक्षातील आहेत.

संशोधक : ताई, दीर्घायुषी शेतकऱ्याच्या आठवणी लिहिण्याआधी तो दीर्घायुषी होता हे सिद्ध व्हायला हवे. समजा, 2015च्या दिवाळीत वारलेल्या एका शेतकऱ्याचे वय घरची मंडळी 105 सांगतात. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत त्याची जन्मतारीख 1 जून 1922 आहे, म्हणजे त्या नोंदीप्रमाणे तो 93 वर्षांचा होता. शिवाय घरात असेही सांगितले जाते की, मानमोडीच्या साथीत तो रांगत होता; ही इन्फ्लुएन्झाची साथ 1918 सालची, तेव्हा या हिशेबाने तो 97-98 वर्षांचा ठरतो. एका माणसाची तीन वये असतील, तर त्याच्या तोंडून आलेल्या इतर गोष्टींवर विश्वास कोणत्या आधारावर ठेवायचा?

शिक्षिका : सर, ज्या नोंदीला आपण शाळेचा पुरावा म्हणता, ती तारीख तरी कोणी पाहिली होती? महाराष्ट्रातील जुन्या पिढीत 1 जूनला जन्मलेली माणसे इतकी आहेत, याचे कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि जन्मतारीख सांगता न येणाऱ्या बापाच्या मुलाचे वय अंगलटीवरून ठरवून गुरुजी प्रवेशाच्या हिशेबाने तारीख घालत. ती तारीखही एक अंदाजच आहे. फरक इतकाच की त्या अंदाजावर शिक्का बसला. मानमोडीची आठवण निदान एका खऱ्या घटनेला बांधलेली आहे.

येथे एक संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या समाजात जन्मतारखा लिहिल्या जात नाहीत, तेथे वय ठरवण्यासाठी लोकसंख्याशास्त्रज्ञ ‘घटनांची दिनदर्शिका’ वापरतात, म्हणजे दुष्काळ, साथ, पूर, सभा, धरणाचे बांधकाम अशा सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांची यादी करून त्या वेळी माणूस केवढा होता हे विचारतात. खानदेशापुरती अशी यादी करायची झाल्यास 1899–1900चा दुष्काळ, 1918ची मानमोडी, डिसेंबर 1936चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, 1942चे आंदोलन आणि 1972चा दुष्काळ हे तिचे मुख्य टप्पे ठरतील. मानमोडीने देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली आणि 1921च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या 1911च्या तुलनेत घटलेली आढळली. एवढ्या मोठ्या घटनेची खूण घराच्या बोलण्यात टिकून राहिली, यात आश्चर्य नाही.

संशोधक : खुणेचे महत्त्व मान्य, परंतु रांगत्या मुलाला साथ आठवत नसते. ही त्याची आठवण नव्हे. ती त्याच्या आईची, त्याच्याकडे आलेली. आणि वृद्धापकाळी वय फुगते, हे जगभर दिसून आले आहे. एक्वाडोरमधील व्हिल्काबाम्बा हे डोंगरी खोरे 1970च्या दशकात शतायुषी शेतकऱ्यांचे खोरे म्हणून गाजले. पुढे रिचर्ड मॅझेस आणि सिल्व्हिया फोरमन यांनी तेथील जुन्या नोंदी पडताळून 1979मध्ये निष्कर्ष मांडला, तेव्हा शंभरी गाठलेला एकही माणूस निघाला नाही. सत्तरीनंतर वय वाढवून सांगण्याची प्रवृत्ती आणि एकाच नावाच्या नातलगांच्या नोंदींची सरमिसळ, ही दोन कारणे तेथे पुढे आली. आपल्याकडेही आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे, आणि जनगणनेत 60, 65, 70 अशा शेवटी शून्य किंवा पाच असलेल्या वयांवर लोक गर्दी करतात, हे जुनेच निरीक्षण आहे.

शिक्षिका : मग उपाय कोणता? गाव नमुना चौदा?

संशोधक : तोच. गाव नमुना चौदा म्हणजे गावातील जन्ममृत्यूंची नोंदवही. कोतवाल ती ठेवी म्हणून तिला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. तीत मुलाचे नाव क्वचितच असते, बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. तरीही ती नोंद जन्माच्या वेळची असल्यामुळे शाळेच्या नोंदीपेक्षा अधिक वजनाची आहे. तिच्याशिवाय नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही पाहाव्यात, कारण यात्रेला आलेल्या कुटुंबाची नावे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली आहेत.

शिक्षिका : म्हणजे कागद बोलला तर ठीक, आणि तो जीर्ण होऊन फाटला असेल तर माणूस जन्मलाच नाही? सर, राजवाड्यांनी जे कागद मिळवले, ते तरी कोठे होते? घराघरांतल्या दप्तरांत, माळ्यांवर, पेटाऱ्यांत. त्या कुटुंबांनी आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगला म्हणून ते उरले. ज्या घरात लिहिणारा होता त्या घराचे दप्तर झाले आणि त्या दप्तराचा इतिहास झाला. 1901च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे 5 टक्के होती आणि स्त्रियांमध्ये 1 टक्क्याहूनही कमी. तापीकाठच्या ज्वारी-कपाशीच्या घरात पेटारा होता, पण त्यात कागद नव्हता. त्या घराचे दप्तर म्हणजे त्या घरातील म्हातारे माणूसच.

या टप्प्यावर चर्चा खानदेशातील सर्वांत परिचित उदाहरणाकडे वळणे स्वाभाविक आहे. असोदे येथे महाजन कुटुंबात जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी घरात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) या शेतकरी स्त्रीला लिहितावाचता येत नव्हते. ऐन तारुण्यात वैधव्य आले, प्लेगने एका मुलाला कायमचे अपंगत्व दिले, आणि तरीही ज्या काळात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते त्या काळात त्या एकाहत्तर वर्षे जगल्या. हे सरासरी आयुर्मान प्रामुख्याने बालमृत्यूंमुळे खाली येत असले, तरी सत्तरी ओलांडणे त्या पिढीत दीर्घायुष्यच होते. काम करताना त्या जे रचून म्हणत, ते मुलगा सोपानदेव आणि घरातील आप्तांनी टिपून ठेवले. त्यांच्या निधनानंतर सोपानदेवांनी ते आचार्य अत्रे यांना दाखवले आणि 1952मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रकाशित झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. कौटुंबिक स्मृती ग्रंथरूप पावून एका प्रदेशाची ओळख ठरल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठीत दुसरे नाही.

शिक्षिका : याच उदाहरणात स्मृती आणि कागद यांची गाठ पडते. बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीचा, असे सांगितले जाते. आणि छापील मजकुरात अनेक ठिकाणी 24 ऑगस्ट 1880 ही तारीख दिलेली असते. शके 1802मधील श्रावणाचा हिशेब केला तर काय निघते?

संशोधक : हिशेब सरळ आहे. 7 जुलै 1880 रोजी अमावास्या होती, याची खात्री देता येते, कारण त्या दिवशी पृथ्वीच्या काही भागात कंकणाकृती सूर्यग्रहण झाले होते. पुढची अमावास्या साडेएकोणतीस दिवसांनी, म्हणजे 6 ऑगस्टच्या सुमारास. तेथून श्रावण सुरू होतो आणि त्याची शुद्ध पंचमी 10 किंवा 11 ऑगस्टला पडते. 24 ऑगस्ट ही वद्य पक्षातील तारीख आहे. त्या दिवशी नागपंचमी असूच शकत नाही. म्हणून 11 ऑगस्ट ही जी दुसरी तारीख काही ठिकाणी दिली जाते, तीच नागपंचमीच्या परंपरेशी जुळते.

शिक्षिका : म्हणजे येथे छापील तारीख डळमळली आणि तिथी टिकली.

संशोधक : तिथी खरी असेल, तर. जन्माची तिथी सणाकडे सरकवण्याची सवयही घरांना असते, कारण सणाचा जन्म लक्षात ठेवायला सोपा आणि सांगायला शुभ. पंचांगाने एवढेच सिद्ध केले की दोन्ही विधाने एकाच वेळी खरी नाहीत. कोणते खरे, हे पंचांग सांगत नाही. शिवाय त्याच उदाहरणात आणखी एक प्रश्न आहे. गाणी टिपून घेणारा मुलगा स्वतः कवी होता. टिपताना शब्द किती आईचे राहिले आणि वळण किती मुलाचे आले, हे ठरवण्याचा मार्ग आज उरलेला नाही.

शिक्षिका : मार्ग नाही हे खरे, परंतु मुलाने आईची बोली प्रमाण मराठीत बदलून घेतली नाही, हा त्याच्या सचोटीचा पुरावा समोर आहे. आणि दुसरी बाजू अशी की, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड 1880मध्येच प्रसिद्ध झाला. त्यात पिके आहेत, महसूल आहे, पाऊस आहे, जातींची वर्णने आहेत. निंदणी करणाऱ्या बाईला दिवसभर काय वाटते, हे मात्र त्यात नाही, आणि असण्याची अपेक्षाही नाही. त्या वर्षी जन्मलेल्या मुलीने ते पुढे सांगितले, आणि तिच्या घराने ते जपले.

संशोधकाचा पुढचा आक्षेप अधिक मूलगामी आहे, कारण तो स्मृतीच्या अचूकतेविषयी नसून तिच्या हेतूविषयी आहे. तो समजण्यासाठी कूळकायद्याची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणारा तो ‘कूळ’. 1948च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात पुढे केलेल्या दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ, काही अपवाद वगळता, तिचे मालक झाल्याचे मानले गेले. कलम 32-ग खाली किंमत ठरे, ती भरल्यावर कलम 32-म चे प्रमाणपत्र मिळे, आणि तशी नोंद फेरफार पत्रकात, म्हणजे जमिनीवरील हक्कांतील प्रत्येक बदलाच्या नोंदवहीत, होई.

संशोधक : आता एकाच गटाची जमीन घ्या, ताई. कुळाच्या घरात नातवंडांना सांगितले जाते की आजोबांनी पै-पै जोडून ही जमीन विकत घेतली. जुन्या मालकाच्या घरात सांगितले जाते की आजोबांच्या भोळेपणाचा फायदा घेऊन ती हिरावली गेली. फेरफार सांगतो की कायद्याने किंमत ठरली, ती हप्त्यांनी भरली गेली आणि हक्क बदलला. दोन्ही म्हातारे दीर्घायुषी, दोन्ही घरे प्रामाणिक, आणि दोन्ही गोष्टी अपुऱ्या.

शिक्षिका : परंतु फेरफाराची ओळही अपुरीच आहे, सर. इटलीतील अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या औद्योगिक गावातील एका कामगाराच्या मृत्यूचा अभ्यास केला. तो कामगार 1949मध्ये नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, आणि गावातील अनेकांनी तो मृत्यू 1953च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्लींनी ही चूक टाकून दिली नाही. आपल्या माणसाचे मरण अधिक मोठ्या लढ्यात पडावे, अशी गावाची गरज त्यांना त्या चुकीत दिसली. कुळाच्या घराला ‘कायद्याने मिळाली’ असे म्हणावेसे वाटत नाही आणि ‘कमावली’ असेच म्हणावेसे वाटते, यात त्या घराने सोसलेल्या कमीपणाचा इतिहास आहे. फेरफार क्रमांक तो सांगणार नाही.

संशोधक : चुकीचा अर्थ लावता येतो, तो ती चूक आहे हे कळल्यावरच. पोर्तेल्लींच्या हातात 1949 ही तारीख होती, म्हणून 1953चा अर्थ लागला. कागद बाजूला ठेवला तर चूक आणि वस्तुस्थिती यांतला भेदच नाहीसा होतो, आणि मग अर्थ कशाचा लावायचा?

हा युक्तिवाद संवादातील निर्णायक टप्पा आहे. येथून पुढे वाद ‘कोणाचे खरे’ या प्रश्नावरून ‘कोण कोठे गप्प आहे’ या प्रश्नावर सरकतो, आणि त्या प्रश्नावर दोन्ही बाजूंना आपापल्या साधनांची उलटतपासणी करावी लागते.

संशोधक : घरच्या आठवणीतले सर्वांत मोठे मौन लेकींबद्दलचे असते. वडीलधाऱ्याच्या मृत्यूनंतर वारसनोंदीत मुलींची नावे लागतात आणि काही दिवसांनी हक्कसोडपत्राने, म्हणजे वाट्यावरचा हक्क सोडल्याच्या दस्ताने, ती कमी होतात. घर सांगते की भाऊबहिणींत कधी वाकडा शब्द आला नाही. सही किंवा अंगठा कोणत्या परिस्थितीत झाला, हे घर सांगत नाही. दुसरे मौन सालदाराबद्दलचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीने ठेवलेला हा गडी वर्षानुवर्षे त्याच शेतात राबलेला असतो. आठवणीत त्याचे अर्धे नाव उरते आणि ‘घरच्यासारखा होता’ एवढे एकच वाक्य.

शिक्षिका : सालदार सातबाऱ्यावरही नाही, सर. गाव नमुना सात मालकी सांगतो, बारा पीक सांगतो. नांगर कोणी धरला हे दोन्ही सांगत नाहीत. घराने निदान अर्धे नाव ठेवले. लेकींविषयीचा आक्षेप मात्र नाकारता येत नाही. त्यात एवढीच भर घालावी लागेल की, लेकींची आठवण वडिलांच्या घरात शोधून सापडत नाही. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजली जाते, तेव्हा घरातील पुरुषांच्या पिढ्या आठवल्या जातात. आणि त्याच सणाला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात, त्यांत सासर, बाप, भाऊ, सगळे येते. एका घराच्या एकाच दिवशी दोन आठवणी असतात. संकलन करणारे पहिली ऐकून उठतात.

संशोधक : त्या गाण्यांत बापाचे वय किंवा जमिनीचा गट क्रमांक मिळणार नाही.

शिक्षिका : नाही. पण धुळ्याकडचीच फड पद्धत घ्या. पांझरेसारख्या नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी वळवायचे, खालच्या जमिनीचे फड म्हणजे मोठे विभाग पाडायचे, प्रत्येक फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे आणि ते आळीपाळीने फिरवायचे; पाणी पाटकऱ्याने द्यायचे आणि पाट दुरुस्त करायला लाभधारकांनी हातभार लावायचा. शेकडो वर्षे चाललेली ही व्यवस्था मुख्यतः रूढीने चालली, आणि रूढी म्हणजे जुन्या जाणत्यांचे सांगणे. स्मृती एवढी भुसभुशीत असती, तर त्या पाटांना पाणी आले नसते.

संशोधक : फडाच्या आठवणीवर शेजाऱ्याचा पहारा होता, ताई. पाण्याची पाळी कोणी खोटी सांगितली, तर ज्याचे पीक वाळणार तो लगेच हरकत घेई. शंभरी गाठलेल्या आजोबांच्या गोष्टीला असा हरकत घेणारा कोणी नसतो. सार्वजनिक स्मृती आणि कौटुंबिक स्मृती यांत हाच फरक आहे.

संशोधकाच्या या भेदातून संकलनाची एक पद्धत आपोआप सुचते, आणि तपशिलात मतभेद असूनही संवादातील दोघेही ती मान्य करतात. ज्या आठवणीला हरकत घेणारा उरला नाही, तिला तो मिळवून द्यावा लागतो. मुलाने सांगितलेली गोष्ट लेकीला विचारावी, कुळाच्या घरात ऐकलेली जुन्या मालकाच्या घरात विचारावी, मालकाची सालदाराच्या घरात विचारावी. सांगणे अहिराणीत असो, लेवा बोलीत असो वा तावडीत, ते त्याच बोलीत टिपावे, आणि सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले की ऐकले याची नोंद दर वेळी करावी. त्यानंतर नमुना चौदा, शाळेची नोंदवही, फेरफार, नामावळी आणि पंचांग यांच्याशी ते ताडून पाहावे. मात्र विसंगती आढळल्यास मूळ सांगणे दुरुस्त करू नये, दोन्ही शेजारी ठेवावीत. वर दिलेल्या काल्पनिक उदाहरणात शेतकऱ्याचे वय ‘93, 97-98 किंवा 105’ असे आधारांसह लिहिणे, हे कोणतेही एक वय निवडून लिहिण्यापेक्षा अधिक शास्त्रीय ठरते.

मतभेद उरतो तो क्रमाचा. आधी कागद पाहून प्रश्न तयार करावेत आणि मग वृद्धांकडे जावे, असे संशोधकाचे मत आहे, कारण तयारीविना घेतलेली मुलाखत ठरावीक गोष्टींभोवती फिरत राहते. शिक्षिकेचे म्हणणे याच्या उलट आहे. कागद आधी पाहिला की विचारणारा कागदाचेच प्रश्न विचारतो, आणि घराने जे जपले ते बोलण्याची वेळच सांगणाऱ्यावर येत नाही. तात्त्विकदृष्ट्या दोन्ही बाजूंना वजन असले, तरी व्यवहारात पारडे शिक्षिकेच्या बाजूने झुकते. फेरफाराची नक्कल पाच वर्षांनीही मागता येईल. फैजपूरचे अधिवेशन जाणत्या वयात पाहिलेली पिढी जवळजवळ संपली आहे, आणि 1972च्या दुष्काळात ऐन विशीत खडी फोडायला गेलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. म्हणून आधी ऐकावे, नंतर ताडावे. आणि जे ताडता येणार नाही ते तसे स्पष्ट नमूद करून ठेवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ते स्वीकारण्याचे आणि नाकारण्याचेही स्वातंत्र्य राहील.